शंभर टक्के निकालाचा छेद

हिवाळा सुरू झाला की माध्यमिक शाळांच्या पटांगणांत मांडव उभे राहू लागतात. स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, विज्ञानप्रदर्शन, हस्तलिखिताचे प्रकाशन, पारितोषिक-वितरण आणि परीक्षा तोंडावर आली की दहावीच्या विद्यार्थ्यांचा निरोपसमारंभ, अशी ही मालिका असते. पाठोपाठ मंडळाची परीक्षा, एप्रिलमध्ये खालच्या वर्गांची वार्षिक परीक्षा, महाराष्ट्रदिनाच्या सुमारास हाती पडणारे प्रगतिपुस्तक आणि त्यानंतर दहावीचा निकाल. शालेय वर्षाची अखेर ही अशी चार-पाच महिने चालते.

या सगळ्या धामधुमीत एक कार्यक्रम असा असतो की ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. तो म्हणजे मुख्याध्यापकांचे वार्षिक अहवालवाचन. मुलांना पडदा केव्हा उघडतो याची घाई, पालकांना आपल्या पाल्याचे नाव केव्हा पुकारले जाते याची उत्सुकता आणि प्रमुख पाहुण्यांना परतीच्या गाडीची चिंता. तरीही अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर समारंभातील सर्वांत महत्त्वाचा भाग तोच होय. अनुदानित शाळेतील शिक्षकांचे वेतन शासनाच्या तिजोरीतून येते, इमारतीला देणगीदारांचा हातभार लागलेला असतो आणि पालक आपली मुलेच शाळेच्या स्वाधीन करतात. या सर्वांसमोर वर्षाचा हिशेब मांडण्याचा प्रसंग वर्षातून हा एकच. व्यापारी संस्थेचा ताळेबंद हिशेबतपासनीस तपासतो. शाळेचा ताळेबंद मात्र टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. त्यात काय लिहिले जाते आणि काय वगळले जाते, याचा विचार म्हणूनच गंभीरपणे करावयास हवा.

काही वर्षांपूर्वी अशाच एका समारंभाला पाहुणा म्हणून जाण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आला. अहवालात दहावीचा निकाल शंभर टक्के लागल्याचा उल्लेख होताच टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रवेशद्वारावरील फलकावरही तोच आकडा झळकत होता. कार्यक्रम संपल्यावर ध्वनिक्षेपकाच्या तारा गुंडाळणाऱ्या एका मुलाशी सहज बोलणे झाले. तो त्याच शाळेचा, त्याच तुकडीचा. मग तुझाही सत्कार व्हायला हवा होता, असे म्हटल्यावर तो ओशाळून म्हणाला, “नाही सर, माझा सतरा नंबर होता.” शिक्षणक्षेत्रातील मंडळींना या उत्तराचा अर्थ वेगळा सांगण्याचे कारण नाही. इतरांसाठी तो पुढे स्पष्ट केला आहे.

अंश दिसतो, छेद दिसत नाही

शेकडेवारी हा एक अपूर्णांक असतो आणि त्याला अंश आणि छेद असे दोन भाग असतात, हे आपण पाचवी-सहावीत शिकतो आणि पुढे आयुष्यभर विसरतो. उत्तीर्ण झालेले विद्यार्थी हा अंश. परीक्षेस बसलेले विद्यार्थी हा छेद. निकाल वाढविण्याचे मार्गही दोनच. अंश वाढवावा, म्हणजे मुलांना अधिक चांगले शिकवावे. किंवा छेद कमी करावा, म्हणजे नापास होण्याचा संभव असलेल्या मुलांना परीक्षेपर्यंत पोहोचूच देऊ नये. पहिला मार्ग कष्टाचा, वेळखाऊ आणि अनिश्चित आहे. दुसऱ्याला एक सही पुरते.

उदाहरणादाखल दोन शाळा कल्पू या. दोन्ही शाळांत नववीला साठ-साठ मुले दाखल झाली. पहिल्या शाळेने आठ जणांना नववीतच थांबविले, सहा जणांच्या पालकांना बोलावून त्यांना बाहेरून परीक्षा देण्याचा सल्ला दिला आणि उरलेल्या सेहेचाळीस मुलांना दहावीस बसविले. सर्व उत्तीर्ण झाली. निकाल शंभर टक्के. दुसऱ्या शाळेतील दोन मुले कुटुंबासह परगावी गेली. उरलेल्या अठ्ठावन्न मुलांना शाळेने परीक्षेस बसविले आणि त्यांतील बावन्न उत्तीर्ण झाली. निकाल नव्वद टक्क्यांच्या आत. वर्तमानपत्रात नाव पहिल्या शाळेचे येते, सत्कार तिच्या मुख्याध्यापकांचा होतो आणि पुढील वर्षी प्रवेशासाठी रांग तिच्याच दारात लागते. परंतु नववीच्या साठ मुलांपैकी दहावीची पायरी वेळेवर ओलांडणारी मुले पहिल्या शाळेत सेहेचाळीस आहेत आणि दुसरीत बावन्न. समाजाचे काम कोणत्या शाळेने अधिक केले, याचे उत्तर छेद बदलताच बदलते.

प्रत्यक्षातील आकडे पाहू. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत राज्यातील नियमित विद्यार्थ्यांचा निकाल ९४.१० टक्के लागला. या परीक्षेसाठी १५ लाख ५८ हजार २० नियमित विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती, प्रत्यक्ष परीक्षा दिली ती १५ लाख ४६ हजार ५७९ जणांनी आणि उत्तीर्ण झाले १४ लाख ५५ हजार ४३३. म्हणजे नोंदणी होऊनही ११ हजार ४४१ मुले परीक्षेच्या खोलीत आलीच नाहीत. ती नापास नाहीत, कारण ती छेदातच नाहीत. नोंदणीपूर्वीच जी गळाली त्यांचा तर या हिशेबाशी काही संबंधच उरत नाही. त्याच वर्षी राज्यातील जवळजवळ एक तृतीयांश शाळांचा निकाल शंभर टक्के होता. या शाळांपैकी अनेकांनी ते यश निखळ परिश्रमाने मिळविले असणार यात शंका नाही. परंतु कोणी परिश्रमाने मिळविले आणि कोणी चाळणी लावून, हे आजच्या अहवालावरून कोणालाच सांगता येत नाही. प्रामाणिक शाळांवरील हा मोठाच अन्याय होय.

टक्केवारी मोजपट्टीवर किती अवलंबून असते याचा एक धडा महाराष्ट्राने अलीकडेच घेतला आहे. २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेच्या हातचे अंतर्गत गुण रद्द करण्यात आले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले, शिवाय साथीमुळे भूगोलाची परीक्षा रद्द झाली आणि निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के. महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी एका वर्षात बारा टक्क्यांनी घटली आणि दुसऱ्या वर्षी अठरा टक्क्यांनी वाढली, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. तरीही दर वर्षी निकालाच्या दिवशी आपण त्या एका आकड्यावर हर्ष किंवा खेद व्यक्त करतो.

सतरा क्रमांकाचा अर्ज

शाळा सुटलेल्या, नोकरी-व्यवसायात गुंतलेल्या किंवा घरच्या अडचणींमुळे मागे राहिलेल्या व्यक्तींना खाजगीरीत्या दहावीची परीक्षा देता यावी म्हणून मंडळाने जो अर्ज ठेवला आहे, तो नमुना क्रमांक सतरा. योजना अत्यंत उपकारक आहे. कारखान्यातील कामगार, विवाहामुळे शिक्षण थांबलेल्या स्त्रिया, गिरण्या बंद पडल्यावर नव्या नोकरीसाठी प्रमाणपत्राची गरज भासलेले प्रौढ, अशा असंख्यांना तिने दुसरी संधी दिली. पण समाजाने मागच्या दाराने परत येणाऱ्यांसाठी ठेवलेली ही वाट, पुढच्या दाराने बाहेर काढण्यासाठीही वापरता येते. नववीत कच्चा ठरलेल्या मुलाच्या पालकांना बोलावून घ्यायचे, मुलगा नियमित बसला तर नापास होईल असे सांगायचे, शाळा सोडल्याचा दाखला हाती ठेवायचा आणि सतरा क्रमांकाचा अर्ज भरण्याचा सल्ला द्यायचा, ही पद्धत शिक्षकांच्या खोल्यांत सर्वज्ञात आहे. सल्ल्याचा स्वर हितचिंतकाचा असतो आणि अल्पशिक्षित पालकाला तो नाकारण्याचे धैर्य होत नाही.

या मुलाचे पुढे काय होते? नियमित वर्ग नाही, शिक्षक नाही, मित्रांची संगत नाही. ज्याला आधाराची सर्वांत अधिक गरज, त्याचाच आधार काढून घेतला जातो. २०२५ मध्ये खाजगीरीत्या नोंदणी करणारे २८ हजार ५१२ होते. परीक्षा २८ हजार २० जणांनी दिली आणि त्यांतील २२ हजार ५१८ उत्तीर्ण झाले, निकाल ८०.३६ टक्के. यात प्रौढ, नोकरदार असे अनेक जण असल्याने हे सारे शाळेने दूर केलेले विद्यार्थी होत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्यांतील दूर केलेले किती, हे कोणत्याही अहवालात नोंदले जात नाही आणि नेमकी तक्रार तीच आहे.

नववी हीच चाळणीची इयत्ता का, याचे कारण कायद्यात आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वयोगटाला, म्हणजे आठवीपर्यंत आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ मधील दुरुस्तीने आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने केलेल्या नियमांनी पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणल्या, पण तेथेही पुनर्परीक्षेची संधी आहे. आठवी ओलांडली की हे छत्र संपते. आठ वर्षे साचत आलेले वाचनाचे आणि गणिताचे दौर्बल्य नववीच्या वर्गात एकदम उघडे पडते आणि त्याची किंमत एकटा विद्यार्थी मोजतो. खेडोपाडी बहुसंख्य जिल्हा परिषद शाळा सातवी-आठवीपर्यंतच असल्याने नववीसाठी पुष्कळदा शाळाही बदलावी लागते. नव्या शाळेला या मुलाचा इतिहास माहीत नसतो आणि दोन वर्षांनी येणारा आपला निकाल मात्र डोळ्यांसमोर असतो.

चाळणीत अडकणारी मुले कोणाची असतात, हे पाहण्यासाठी संशोधनाची आवश्यकता नाही. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे गावे सोडतात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. स्नेहसंमेलन, निरोपसमारंभ, सराव परीक्षा, सारे काही याच काळात. हंगामी वसतिगृहांची सोय सर्वांपर्यंत पोहोचत नाही. धाकट्या भावंडांना सांभाळणारी, फडावर चूल पेटविणारी मुलगी नववीच्या वर्षअखेरीस शाळेत नसते, आणि पुढील वर्षी तिच्या विवाहाची बोलणी चालू होतात. हजेरीपटावर तिच्या नावापुढे एक आडवी रेघ ओढली जाते. अहवालाच्या भाषेत त्या रेघेला शब्द नाही.

जुनाच धडा

निकालावर शाळेचे मोल ठरविण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांना मिळणारे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि गणितातील परीक्षेशी जोडले गेले. परिणाम असा झाला की शिक्षक परीक्षेपुरतेच शिकवू लागले. स्वतः शाळातपासनीस असलेल्या मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीवर सातत्याने टीका केली आणि शतक संपण्यापूर्वी ती सोडून द्यावी लागली. हीच पद्धत आपल्याकडेही आली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी बजावले होते की, ज्यांच्यात शिक्षणाची गोडी अद्याप निर्माण झालेली नाही अशा गरीब आणि अज्ञानी लोकांत विद्येचा प्रसार करण्यास निकालावर अनुदान देण्याची पद्धत योग्य नव्हे. कारण उघड आहे. पैसा निकालामागे जाऊ लागला की ज्यांचा निकाल लागणे कठीण ती मुले कोणालाच नकोशी होतात. जवळजवळ दीड शतकानंतर अनुदानाचे ते सूत्र राहिले नाही, पण प्रतिष्ठेचे सूत्र तेच राहिले आहे.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक नियम मांडला. एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी भार टाकला की त्या आकड्याची पूर्वीची विश्वसनीयता ढासळते, असा त्याचा आशय. त्याचा पडताळा आपल्या शाळांनी दोन टोकांकडून दिला आहे. शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात. म्हणून पट फुगविण्याचा मोह होतो. ऑक्टोबर २०११ मध्ये शासनाने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली तेव्हा कागदावर असलेली आणि वर्गात नसलेली मुले मोठ्या संख्येने आढळली. शाळेची कीर्ती दहावीच्या टक्केवारीवर ठरते. म्हणून तेथे वर्गात असलेली मुले कागदावरून नाहीशी होतात. खालच्या वर्गांत नसलेली मुले मोजायची आणि वरच्या वर्गांत असलेली मोजायची नाहीत, या दोन रोगांचे मूळ एकच आहे.

शाळांचीही बाजू

या प्रकाराचा सारा दोष मुख्याध्यापकांच्या माथी मारणे सोपे आहे आणि म्हणूनच ते टाळले पाहिजे. निकाल घसरला तर स्पष्टीकरण मागणारे पत्र त्यांच्याच नावाने येते; निकाल वाढला तर तो कसा वाढला हे कोणी विचारीत नाही. संस्थाचालकांना फलकावर लिहिण्यासाठी आकडा हवा असतो. पालकही शाळा निवडताना तोच आकडा पाहतात. आपल्या मुलाच्या वर्गातून कच्ची मुले वगळली गेली तर त्यांना खंत वाटण्याऐवजी पुष्कळदा समाधानच वाटते. रिक्त पदे, निवडणुकीची आणि सर्वेक्षणांची कामे, रोज नवी माहिती मागणारे संगणकीय तक्ते, यांतून शिक्षकाच्या हाती दुबळ्या विद्यार्थ्यासाठी वेळ उरत नाही. सतरा क्रमांकाचा सल्ला देणारा शिक्षक प्रत्येक वेळी निर्दय असतो असेही नाही. नियमित बसून नापास होण्यापेक्षा एक वर्ष बाहेरून तयारी केलेली बरी, असे त्याला मनापासून वाटत असते.

परंतु हा युक्तिवाद आज पूर्वीइतका टिकत नाही. दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी आता त्याच वर्षी पुरवणी परीक्षा आहे आणि एक-दोन विषय राहिलेल्यांना अटींसह अकरावीत प्रवेश मिळण्याची सवलतही आहे. नापास होणे म्हणजे वर्ष वाया जाणे, ही स्थिती राहिलेली नाही. जो मुलगा शाळेत राहून दोन विषयांत अनुत्तीर्ण होतो, त्याला तीन-चार विषयांची शिदोरी, शिक्षकांचा परिचय आणि परत येण्याची वाट मिळते. जो परीक्षेपूर्वीच बाहेर पडतो, त्याला यांपैकी काहीच मिळत नाही. म्हणून त्याच्या हिताच्या नावाखाली केलेली ही व्यवस्था शेवटी शाळेच्याच हिताची ठरते.

अहवालात चार ओळी

यावर उपाय म्हणून परीक्षा रद्द करा किंवा निकाल झाकून ठेवा असे सुचविण्याचा हेतू नाही. मोजमाप हवेच, ते सोडले तर दुर्बल शाळांना जाब विचारण्याचे एकमेव साधनही हातचे जाईल. बदलावयाचा आहे तो छेद. त्यासाठी नवे खाते नको, नवा निधी नको. वार्षिक अहवालात फक्त चार ओळी वाढविल्या तरी प्रारंभ होईल. दोन वर्षांपूर्वी आमच्या नववीत किती विद्यार्थी होते? त्यांपैकी किती आमच्याच शाळेतून दहावीस बसले आणि किती उत्तीर्ण झाले? दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत किती गेले आणि तेथे त्यांचे नाव खरोखर लागले काय? उरलेले कोठे आहेत?

ही माहिती गोळा करणे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. ‘सरल’ प्रणालीद्वारे राज्यातील प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद गेली अनेक वर्षे ठेवली जात आहे. मुलगा एका शाळेतून दुसरीत गेला की नोंदही जाते. तेव्हा कोणता मुलगा कोठेच गेला नाही, हे शोधणे काही मिनिटांचे काम आहे. परीक्षा मंडळानेही शाळानिहाय निकालासोबत आणखी एक स्तंभ छापावा: नववीतील मूळ पटाशी उत्तीर्णांचे प्रमाण. सत्कार करावयाचेच असतील तर ते या दुसऱ्या स्तंभावरून करावेत. आज ज्या शाळा कच्च्या मुलांना सांभाळून घेतात आणि म्हणून यादीत खाली राहतात, त्या एका वर्षात वर येतील. शाळा बदलली किंवा नववीत थांबविले म्हणून मुलगा हिशेबातून गळणार नाही, एवढी काळजी घेतली की चाळणी लावण्याचे प्रयोजनच संपेल. नव्या स्तंभातही पळवाटा निघतील हे गुडहार्टच्याच नियमाने मान्य करावे लागेल. पण मुलाला वर्गात ठेवणे लाभाचे ठरविणारी मोजपट्टी, त्याला बाहेर घालविणे लाभाचे ठरविणाऱ्या मोजपट्टीपेक्षा केव्हाही बरी.

तोपर्यंत पालकांना आणि शिक्षकांना एक गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे. येत्या संमेलनात शंभर टक्के निकालाची घोषणा होईल तेव्हा टाळ्या अवश्य वाजवाव्यात. मुलांनी अभ्यास केलेला असतो. मात्र पुढच्या पालकसभेत उभे राहून नम्रपणे विचारावे की, हे शंभर टक्के कितींपैकी? पहिल्या वर्षी उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापक उत्तर तयार ठेवून येतील. तिसऱ्या वर्षी, एखाद्या मुलाच्या हाती दाखला ठेवण्यापूर्वी त्यांना तो प्रश्न आठवेल आणि कदाचित तो मुलगा मांडवात तारा गुंडाळण्याऐवजी आपल्या वर्गमित्रांच्या रांगेत बसलेला असेल.